बघते म्हणाली आणि गेली

३ मार्च

बूट बाहेर काढले. आधी वासच आला. तळव्यात अजून ओढ्याकाठचा चिखल, वाळून दगड झालेला. वर्तमानपत्र पसरून जुन्या चाकूने खरवडत बसले. निघता निघेना.

ठरलं म्हणजे ठरलं. यंदा मिठाची वाट संपवायची. एकटीने! तीन वर्षं हे बूट कपाटाच्या तळाशी पडून आहेत. जिने मला डोंगरात टाकलं ती मजेत घरी बसलीय, आणि मी का म्हणून बूट लपवून ठेवायचे? चोर सोडून संन्याशाला फाशी!

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे रजा मागितली. "या वयात एकट्या जाणार?" मी म्हटलं, दुकटी जाऊन बघितलंय, मनगट मोडून आले. त्यांनी रजा दिली.

६ मार्च

नव्या मुलीने आज विचारलं, "मिठाची वाट म्हणजे काय हो?"

ही नवी मुलगी म्हणजे माझ्या जागेवर आलेली. तसं कुणी म्हणत नाही, पण तसंच आहे. पुढे दवाखाना, मागे आमची कवळ्यांची खोली. प्लास्टरची धूळ, मेण वितळवायचा दिवा, फळीवर ओळीने लोकांचे जबडे. पुढचे दात मी बसवायची. पुढचे दात म्हणजे माणसाचं हसू, ते काम कुणाच्याही हाती देत नाहीत. मनगट मोडलं तेव्हापासून मेणाची सुरी धरली की हात थरथरतो. आता पुढचे दात ती बसवते आणि मी दाढा. दाढा कुणाला दिसत नाहीत ना!

पण पोरगी वाईट नाही. सांगितलं तिला. पूर्वी समुद्राकडून डोंगरापलीकडे मीठ जायचं, माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर. दर मुक्कामाला कमरेएवढा एक दगड, वर खळगा, ओझं टेकवायला. आता मीठ गाडीने जातं आणि वाटेने आमच्यासारखे रिकामटेकडे. पूर्ण वाट दहा टप्प्यांची. एका दमात कुणी करत नाही. दर वर्षी एक टप्पा, फार तर दोन.

"म्हणजे हप्त्यांनी!" ती म्हणाली. हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

नियम सांगितला नाही तिला. जिथे थांबायचं त्या दगडाला दोघींनी हात लावायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच दगडापासून निघायचं. एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही. ताईने घातलेला नियम. ताईला नियम फार आवडतात. दुसऱ्यांसाठी.

सहा टप्पे तिच्याबरोबर झाले. सहा दगडांवर दोघींचे हात लागलेत. सातव्यावर माझा लागलाच नाही.

१५ मार्च

भाचीचा फोन. भाचीचं काय, तिच्यावर माझा राग नाही. आईचं पाप लेकीच्या माथी मारणारी मी नव्हे.

"मावशी, तू परत वाटेवर जाणार म्हणे?" मीच मागे बोलून गेले होते. मग इकडचं तिकडचं. मग हळूच: "आईच्या डोळ्यांचं काहीतरी निघालंय." मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, हल्ली दात काढण्याइतकं सोपं असतं. ती घुटमळली. "आई म्हणते, मी स्वतः सांगेन तिला. तिने फोन केला तर."

म्हणजे फोन मी करायचा! मनगट माझं मोडलं, काम माझं गेलं, आणि फोनही मीच करायचा. वर या बाईसाहेबांचे डोळे दुखतात म्हणून मी काळजी करायची.

भाची शेवटी म्हणालीच. ते म्हटल्याशिवाय तिचा फोन संपत नाही. "आई अजून म्हणते गं, मी वाट बघितली होती."

बघितली होती म्हणे! फोन ठेवल्यावर ताटातलं अन्न जाईना.

११ एप्रिल

सातव्या टप्प्याचा फाटा. पहारेकऱ्यांच्या चौकीत बसून लिहितेय. चौकी कसली, चार भिंती, छप्पर केव्हाच गेलंय. मीठ चोरीला जाऊ नये म्हणून इथे पहारा असायचा. आज ऊन लख्ख आहे. दोन्ही वाटा तळहातासारख्या दिसतात. डावी खिंडीतून वर, उजवी ओढ्याकडे खाली. मधल्या काळात कुणीतरी दरड बाजूला करून खुणेचा दगडही उभा केलाय. शेंबडं पोरसुद्धा चुकणार नाही.

एकदाचं लिहूनच टाकते.

त्या दिवशी धुकं उतरलं तेव्हा आम्ही इथे पोचलो होतो. दरड कोसळून वाट बुजलेली, खूण दिसेना. ताई म्हणे डावीकडे, मी म्हणे उजवीकडे. लहानपणी एका गादीवर झोपायचो तेव्हापासूनची आमची डावी-उजवी चालू आहे. तेवढ्यात माझ्या पोटात कळ आली. असली की उभं राहवेना. मी चौकीच्या आडोशाला पळाले. ताई चार पावलं पुढे. वारा तर तोंडातला शब्द पळवून नेत होता. मी ओरडले, "ताई, वाट बघ!"

ती ओरडली, "बघते!"

बघते म्हणाली आणि गेली.

बाहेर आले तर कुणी नाही. हाका मारल्या, घसा बसला. मग या भिंतीला टेकून बसले. म्हटलं, बघते म्हणालीय, इथेच कुठेतरी असेल. सख्खी बहीण आहे. किती वेळ बसले कुणास ठाऊक. अंधारून यायला लागलं तेव्हा उठले आणि उजव्या वाटेने उतरायला लागले. ओढ्यापाशी पाय सटकला. मनगट अंगाखाली आलं. मोडल्याचा आवाज मी ऐकला. एका मेंढपाळाने उचलून खाली दवाखान्यात पोचवलं.

तिथे ताई आली. केस विस्कटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, सगळं खरं. पण हातात चहाचा कप! वाफ येत होती त्यातून. म्हणाली, "अगं कुठे होतीस? मी वाट बघितली!"

कुठे बघितली? चहाच्या टपरीवर?

तोंडावर म्हटलं, "खोटारडी." प्लास्टर घालणारा माणूस थांबला. ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना वाट बघ, म्हणून बघितली!" मी म्हटलं, खोटंच बोलायचं तर जरा पटेल असं बोल. कप खिडकीत ठेवून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

१२ एप्रिल

सातव्या दगडाला हात लावला. डावीकडचीच वाट होती. म्हणजे तिचंच बरोबर होतं! खड्ड्यात गेलं.

२ मे

एका म्हाताऱ्याची कवळी परत आली. मीच बसवलेल्या दाढा. चावा जुळत नाही, हवा सुटते. म्हणतो, "घरी मी बोलतो एक आणि बायको ऐकते भलतंच." डॉक्टरांनी नव्या मुलीला सांगितलं, "जरा बघून घे." माझ्यासमोर! जिला मी सुरी कशी धरायची ते दाखवलं, तिने माझं काम बघून घ्यायचं.

ती चांगली होती. म्हणाली, "तुमचं मनगट दुखत असेल तर मी करते, डॉक्टरांना सांगत नाही." तिच्या चांगुलपणाचाच संताप आला. घरी येऊन मनगटाला तेल लावलं. वाकडं ते वाकडंच.

लोक म्हणतात, बहिणीवर इतका दात धरू नये. दात धरणं माझा धंदाच आहे!

१६ मे

आठवा टप्पा. सपाट, रूक्ष, उन्हाने भाजलेला. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधून वाट. सोबत कुणी नाही. बडबड नाही. "पाणी पी, टोपी घाल, हळू चाल" नाही. कान किट्ट झाले होते त्या सूचनांनी.

खरं सांगायचं तर ताईबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच होती. शेवटच्या दोन टप्प्यांत तर जास्तच. बाजूने चाललं की येऊन धडकायची. मी काही द्यायला हात पुढे केला तर बघायचीच नाही, मग मी तोंडाने सांगायचं, "अगं धर." बांधाच्या कोपऱ्यांवर कोपर खरचटून घ्यायची. आणि चालताना सारखी मान इकडून तिकडे, कोंबडीसारखी. मी विचारलं होतं, "काय शोधतेस?" म्हणाली, "काही नाही, देखावा बघते." देखावा! स्वतःच्याच तोऱ्यात. शेजारी चालणारं माणूस दिसायचं नाही तिला. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही वेळ आली की टाकून जाईल.

बांधावर बसून डबा खाल्ला. दोन अंडी उकडून नेली होती. सवयीने.

१७ मे

आठवा दगड. हात लावला. दगड तापलेला होता, चटका बसला.

२८ जून

भाची येऊन गेली. हातात ताईची काठी. तीच, मुठीला लाल दोरी गुंडाळलेली. सहा टप्पे ती दोरी माझ्या पुढे पुढे हलत असायची. "आई म्हणाली, मावशीला दे. चढाला उपयोगी पडेल."

मी म्हटलं, आणि ती काय करणार?

"तिला आता दुसरी मिळालीय."

म्हणजे बाईंनी नवी घेतली, आणि जुनी मला दान! जन्मभर हेच. तिचे जुने फ्रॉक मला, तिची जुनी पुस्तकं मला, कोपऱ्यावर तिचं नाव खोडून माझं लिहिलेलं. साठीला टेकले तरी उतरलेलंच माझ्या वाट्याला. ठेव कोपऱ्यात म्हटलं. भाची काहीतरी बोलणार होती. ओठ हलले, मग चहाच पीत राहिली. आईचा नियम असणार. त्या घरात सगळं नियमाने चालतं.

गेल्यावर काठी उचलून बघितली. खालचं टोक एका बाजूने झिजलंय. उजव्या. आपटत चालायची तशी.

९ ऑगस्ट

गुडघा सुजला. पाऊस थांबत नाही. दाढा, दाढा, दाढा.

१९ सप्टेंबर

नवव्या टप्प्याच्या सरायीतली खोली. बाहेरच्या पाट्यांवर चढउताराचे आकडे लिहिलेत ते सगळे खोटे, पाय मोडले. पण लिहायचं ते वेगळंच आहे. लिहिता येईल का बघते.

सकाळी एक बाई भेटल्या. टोपीवाल्या बाई. डोक्यावर छत्रीएवढी टोपी. टेलिफोन खात्यातून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, म्हणून आता स्वतः बोलतात, असं स्वतःच म्हणाल्या. थांबायचं नाव नाही. सुना, पेन्शन, मूळव्याध, सगळं ऐकलं. एकटीने जायचं व्रत मोडलं, पण उतारावर सोबत बरी म्हणून चालू दिलं.

दुपारी जंगल लागलं. ढग खाली आले, झाडांच्या बुंध्यांपलीकडे काही दिसेना. एका ठिकाणी वाट फुटली. खुणेचा दगड नाही. बाईंच्या बुटाची नाडी सुटली. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "वाट बघा हं जरा!"

मी म्हटलं, "बघते."

आणि गेले.

काय चूक होतं त्यात? दोन वाटा होत्या, कुणीतरी बघायलाच हवं होतं. आधी डावी बघितली, पुढे जाऊन बंद झाली. तिथूनच आडवी उजवीकडे गेले. ओढा ओलांडला, वळणावर खुणेचा दगड सापडला. आनंदाने हाक मारली. उत्तर नाही. झाडीत आवाज जात नव्हता. परत फिरले तर आलेली वाटच ओळखू येईना, सगळे बुंधे सारखे. इकडे तिकडे करून कशीबशी फाट्यावर आले. बाई दगडावर बसून रडवेल्या झालेल्या.

"काय हो हे! मला एकटीला टाकून गेलात? मी वाट बघा म्हटलं ना तुम्हाला!"

"बघितली की! उजवीकडची आहे."

"अहो, वाट बघा म्हणजे थांबा!"

मी तिथेच उभी राहिले.

बाई बोलत होत्या, माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाल्या. म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का? अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका, मी आपली बोलून गेले." पाण्याची बाटली काढून दिली. मला तिचं झाकण उघडता येईना.

वाट बघ. बघते. मी वाट बघितली. तूच म्हणालीस ना वाट बघ, म्हणून बघितली!

तिने वाट बघितली होती! खरंच बघितली होती. धुक्यात, दरडीवरून, एकटीने. डावीकडची आहे, हे तिने शोधून काढलं होतं. आणि मी तिला प्लास्टर घालणाऱ्या माणसासमोर खोटारडी म्हटलं.

२० सप्टेंबर

नवव्या दगडाला हात लावला. बाईंनी फोटो काढला. हसा म्हणाल्या.

२४ सप्टेंबर

तीन वर्षं! दोन शब्दांवर तीन वर्षं गेली. एखाद्या परक्याला सांगितलं तर पोट धरून हसेल. बहिणी की विदूषक, विचारेल.

पण मग परत का नाही आली? वाट सापडली तर यायचं होतं मागे. मी परत आलेच ना बाईंसाठी! भले वेळ लागला, पण आले. ती सरळ खाली गेली. आणि कप? कपाचं काय?

कपाला तिने तोंड लावलं होतं का, ते आठवत नाही. खूप आठवून बघितलं. खिडकीत ठेवून गेली एवढंच आठवतं. माझ्या हाताला पोचेल असा ठेवला होता.

२७ सप्टेंबर

नव्या मुलीला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती मेण तापवता तापवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण तुम्ही 'थांब' का नाही म्हणालात?"

का नाही म्हणाले? पोटात कळ आलेली असताना माणूस शब्दकोश उघडून बसतं का? आमच्या घरात कुणी कधी "थांब" म्हटलंच नाही. आई शाळेच्या दारात सोडायची, "वाट बघा, मी येते." आम्ही दोघी फाटकाला लोंबकळून बघत राहायचो, ताई माझा हात घट्ट धरून. मग ताईला कळू नये? तिला कळायला हवं होतं!

नाही. फाट्यावर, धुक्यात, डावी का उजवी भांडता भांडता — मलाही नसतंच कळलं. कळलं नाहीच की मला. टोपीवाल्या बाईंच्या वेळी कुठे कळलं?

मुलगी म्हणाली, "फोन करा." मी म्हटलं, तू दात बसव.

१ ऑक्टोबर

फोन हातात घेतला. ठेवला. सॉरी म्हणायचं? कधी म्हटलंय आम्ही एकमेकींना? लहानपणी भांडण झालं की ताई माझ्या ताटात स्वतःचा घास ठेवायची, संपलं भांडण. फोनवरून घास कसा ठेवायचा?

शेवटचा टप्पा उरलाय. तोच ठेवीन ताटात. माफी-बिफी काही मागणार नाही. फक्त विचारेन, येतेस का. तिला कळेल. ताईच आहे ती.

४ ऑक्टोबर

केला फोन.

मनात सगळं पाठ केलं होतं. तिने उचलला. तोच आवाज. मी म्हटलं, "मी बोलतेय." ती म्हणाली, "कळलं." मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी भडाभडा बोलून टाकलं, "शनिवारी शेवटच्या टप्प्याला निघतेय. पहिली गाडी. तुझ्या गावावरूनच जाते. येतेस का?"

तिचा श्वास ऐकू येत होता. मग शांतपणे म्हणाली:

"माझं बघून झालं गं. आता तूच बघ."

तूच बघ!

मी फोन आपटला. ती पुढे काहीतरी म्हणत होती, "अगं ऐक" का काय ते. ऐकायचंय कशाला? ऐकलं तेवढं पुष्कळ झालं! तीन वर्षांनी मी नाक मुठीत धरून फोन करते, आणि ही माशी झटकावी तसं झटकते. माझं बघून झालं, म्हणजे वाट बघून झाली, तू उशीर केलास, आता तुझं तू बघ. हेच ना? अगदी ताईचं बोलणं, नियमातलं. मुदत संपली, खिडकी बंद!

मीच मूर्ख. दोन शब्दांचा घोळ होता म्हणून पंधरा दिवस स्वतःला खात बसले. घोळ शब्दांचा नव्हताच. मनच तसलं आहे तिचं. लोकांनी जखमेवर मीठ चोळलेलं ऐकलं होतं. माझी बहीण त्यासाठी सहा टप्पे चालून आली!

फोन परत दोनदा वाजला. उचलला नाही. मग बंदच करून ठेवला.

७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी आज पुढचे दात माझ्यासमोर ठेवले, म्हणाले, करून बघा. हात थरथरला नाही. रागात हात स्थिर राहतो, हे नव्याने कळलं. सहाही दात सरळ बसले. नवी मुलगी टाळ्या वाजवत होती. मला काही वाटलं नाही.

९ ऑक्टोबर

सामान भरलं. बूट, डबा, रेनकोट. ताईची काठी कोपऱ्यातच ठेवली. ज्याचं त्याला लखलाभ. दहाव्या दगडाला एकच हात लागेल. माझा! मोडका असला तरी माझा. अंडं एकच उकडलं.

१० ऑक्टोबर

नवव्या दगडापाशी. ताईच्या गावात गाडी थांबली तेव्हा मुद्दाम पलीकडच्या खिडकीत बसले होते.

निघण्याआधी फोन चालू केला. लगेच भाची. "मावशी, कुठवर आलीस गं? कालपासून फोन लावतेय. आई पहाटेपासून बूट घालून दारात बसलीय, तिची ती पांढरी काठी घेऊन. नाड्या मी बांधून दिल्या. म्हणतेय, धाकटी मला न्यायला येणार, आता वाट तीच बघणार. दुसरा डोळाही गेला ना गं तिचा. काचबिंदू, किती वर्षं आतल्या आत होता. त्या दिवशी फोनवर सांगितलं ना तिने तुला?"

सांगितलं होतं.